जुन्या पिकअपचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन स्लिप होतंय? गॅरेजमध्ये नेण्याआधी हे तपासा

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाची पहिली गाडी बहुतेक वेळा कॅमरी नाहीतर कोरोला असते. पिकअप येते नंतर. घर घेतलं, मागे अंगण आलं, लाकूड, माती, जुनं फर्निचर वाहायची वेळ आली की माणूस वीस-बावीस वर्षांची शेव्ही सिल्व्हराडो शोधायला लागतो. या गाड्यांची व्ही-८ इंजिनं दणकट असतात. दगा देतं ते बहुधा ट्रान्समिशन. इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही, असं झालं की पहिला फोन गॅरेजला जातो आणि तिकडून उत्तर येतं, ‘रीबिल्ड करावं लागेल.’ म्हणजे ट्रान्समिशन उतरवून, उघडून आतले झिजलेले भाग बदलायचे. दोन-अडीच हजार डॉलरच्या पुढचं काम, कधी कधी गाडीच्या किमतीइतकं.

आपल्याकडे पिकअप म्हणजे बोलेरो, आणि तिला पायाशी क्लचचं पेडल. तिथे क्लच स्लिप व्हायला लागला तर फार शोधाशोध नसते. क्लच एकच, प्लेट बदलली की काम झालं. ही सवय घेऊन ऑटोमॅटिककडे पाहिलं की फसायला होतं. सिल्व्हराडोच्या ४एल६०-ई ट्रान्समिशनच्या पोटात पाच क्लच असतात, ड्रमला आवळून धरणारा पट्टा म्हणजे एक बँड असतो, एकाच दिशेला फिरू देणारे दोन वनवे क्लच असतात, आणि इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरांकडे पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या आत आणखी एक क्लच. यातला प्रत्येक जण ठरावीक गिअरमध्येच कामाला येतो. त्यामुळे ‘ट्रान्समिशन गेलं का?’ हा प्रश्न मेकॅनिकला विचारण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. कोणत्या गिअरमध्ये स्लिप होतं? थंड असताना की गरम झाल्यावर? भार असताना की नुसतं चालत असताना? याची उत्तरं मिळवायला गाडीखाली झोपावंही लागत नाही.

मी पुढे सगळं ४एल६०-ईला धरून सांगतो, कारण जुन्या शेव्ही आणि जीएमसी पिकअपमध्ये तेच सर्वांत जास्त सापडतं. इतर गाड्यांचे फरक शेवटाकडे आहेत.

आपलं ट्रान्समिशन कोणतं ते पक्कं करा

१९९९ ते २००६ च्या सिल्व्हराडोत ग्लव्ह बॉक्स उघडलात की तीन-तीन अक्षरी कोडांनी भरलेलं एक स्टिकर दिसेल. त्यात ‘एम३०’ असेल तर ट्रान्समिशन ४एल६०-ई. त्याच स्टिकरवर मागच्या ॲक्सलचा रेशोही लिहिलेला असतो. ‘जीयू६’ म्हणजे ३.४२, ‘जीटी४’ म्हणजे ३.७३, ‘जीटी५’ म्हणजे ४.१०. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. स्टिकर फाटलं असेल तर खालून पॅन, म्हणजे ट्रान्समिशनच्या तळाचं ऑइलचं भांडं, बघा. जवळजवळ चौकोनी आणि सोळा बोल्टांचा असेल तर तो ४एल६०-ईचा. २५००एचडीसारख्या जड गाड्यांत थोरला भाऊ ४एल८०-ई असतो. त्याची आतली रचना वेगळी, तेव्हा खालचा गिअरांचा हिशोब त्याला लावू नका.

४एल६०-ई १९९३ साली आलं. त्याआधीच्या गाड्यांत त्याचंच जुनं रूप होतं, ७००आर४. त्यात कॉम्प्युटर नव्हता. ऑइलचा दाब थ्रॉटलपासून जाणाऱ्या टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलवर ठरायचा. कुणी कार्ब्युरेटर बदलताना ती केबल ढिली लावली असेल तर दाब कमी पडून क्लच जळतात. १९९३ पूर्वीची गाडी असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती केबल तपासा.

खरंच स्लिप आहे का?

स्लिप म्हणजे टॅकोमीटरचा काटा चढतो आणि स्पीडोमीटरचा चढत नाही. बस, एवढंच. आरपीएम चढतच नाही आणि गाडी ओढतही नाही, तर दोष इंजिनाकडे शोधा. मिसफायर असेल, इंधन कमी पडत असेल, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असेल. ट्रान्समिशन रीबिल्ड करून आणल्यावर गाडी तशीच रडते आणि मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलल्यावर पळते, असे किस्से ट्रान्समिशनच्या गॅरेजांत कमी नाहीत.

हिवाळ्यात आणखी एक गफलत होते. पिकअपचा मागचा हौदा रिकामा, मागच्या चाकांवर वजन नाही, खाली बर्फ. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. इथे स्पीडोमीटरकडे बघा. त्याचा सेन्सर ट्रान्समिशनच्या मागच्या शाफ्टवर असतो (फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर). गाडी उभी असून काटा तीस-चाळीस मैल दाखवत असेल तर चाकं फिरताहेत, म्हणजे ट्रान्समिशन आपलं काम करतंय. पाहिजेत टायर.

आणि थांबलेल्या गाडीवरून निघताना आरपीएम थोडं पुढे पळणं ही टॉर्क कन्व्हर्टरची रीतच आहे. तिथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये फक्त ऑइल असतं. मॅन्युअल चालवायची सवय असलेल्याला ते सुरुवातीला स्लिपसारखं वाटतं.

फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये तर अडकलेला नाही ना, तेही एकदा बघून घ्या.

ऑइल: पाच मिनिटांचं काम, निम्मी उत्तरं

ऑटोमॅटिकमध्ये ऑइल वंगणापुरतं नसतं. क्लच दाबून धरणारा दाब त्याच्यातूनच येतो. ऑइल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतात.

तपासायची पद्धत अशी. गाडी पंधरा-वीस मैल चालवून गरम करा. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा, आणि शेवटी पार्कमध्ये आणा. इंजिन चालूच ठेवायचं. आता डिपस्टिक काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा. पातळी ‘हॉट’ लिहिलेल्या रेघाळलेल्या पट्ट्यात हवी. इंजिन बंद करून बघितलंत तर कन्व्हर्टरमधलं ऑइल पॅनमध्ये उतरतं आणि पातळी खोटीच जास्त दिसते. नवख्या माणसाची पहिली चूक इथे होते. गाडीत ऑइल कमी असतं आणि डिपस्टिक म्हणते भरपूर आहे.

कमी असेल तर डिपस्टिकच्याच नळीतून फनेलनं भरा, एका वेळी पाव लिटर, आणि दर वेळी परत मोजा. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. फेसात दाब टिकत नाही, म्हणजे पुन्हा स्लिपच. या गाड्यांना मुळात डेक्सरॉन-३ हे ऑइल लागायचं. २००६ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनं डेक्सरॉन-६ आणलं, आणि ते जुन्या गाड्यांनाही चालतं.

आता पांढऱ्या पेपर टॉवेलवर एक थेंब टाका. लालसर, पारदर्शक असेल तर छान. तपकिरी असेल पण वास नसेल तर नुसतं जुनं झालंय. काळपट असेल आणि करपट वास येत असेल तर क्लच जळलेत. हा वास तुमच्या ओळखीचा आहे. खंबाटकी घाटात लोड भरलेल्या ट्रकच्या मागे अडकला असाल तर नाकाला तो माहीत आहे, कारण जळतं ते क्लचचं अस्तरच. आणि ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी लगेच बंद करा. याचा अर्थ रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट ट्रान्समिशनमध्ये शिरलंय. पाणी क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं. २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटियर या दुखण्यासाठी बदनाम आहेत. त्यातली गाडी घेणार असाल तर आधी रेडिएटर बदलला आहे का विचारा.

ऑइल कमी निघालं म्हणजे ते कुठेतरी गेलंय. पॅनचं गॅस्केट, मागच्या शाफ्टचं सील, इंजिन आणि ट्रान्समिशन जोडतात तिथला पंपाचा सील ही नेहमीची ठिकाणं. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे रेडिएटरकडे जाणाऱ्या लोखंडी कूलर लाइन गंजून झिरपतात. वीस डॉलरची लाइन गळते आणि तीन हजारांचं ट्रान्समिशन जळतं, हे तिकडे सर्रास होतं.

कोड वाचा, पण कोडाला शरण जाऊ नका

१९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक कारला आणि हलक्या ट्रकला ओबीडी-२ सॉकेट आहे, स्टिअरिंगच्या खाली. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड तिथून वाचता येतात. वीस-तीस डॉलरचा रीडर पुरतो. या काळातल्या सिल्व्हराडोत इंजिन आणि ट्रान्समिशन दोन्ही एकच कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे साधा रीडरही ट्रान्समिशनचे बरेच कोड दाखवतो.

पी०७५३ किंवा पी०७५८ आला तर शिफ्ट सोलेनॉइडच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या, विजेच्या मार्गात दोष आहे. पी०७४८ म्हणजे दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडचा. असे विजेचे कोड दिसले तर आनंद माना. तार, फ्यूज किंवा ट्रान्समिशनच्या उजव्या बाजूचा कनेक्टर, इतक्यावरच बरेचदा भागतं. अगदी सोलेनॉइड बदलावा लागला तरी तो पॅन काढून हाताशी येतो, ट्रान्समिशन उतरवावं लागत नाही.

वीज पूर्ण गेली की ४एल६०-ई दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद झाल्यामुळे थेट तिसऱ्या गिअरमध्ये राहतं. सिग्नलवरून गाडी तिसऱ्यात उचलायची म्हटल्यावर ती जड निघणारच. लोक याला स्लिप म्हणतात. खरं तर गाडी स्वतःला वाचवत असते. आधी फ्यूज बघा.

पी१८७० या कोडाची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे हायवेच्या चाचणीनंतर येऊ.

रस्त्यावरची चाचणी

रविवारी सकाळचा मोकळा रस्ता निवडा. शेजारी कुणाला तरी वही-पेन देऊन बसवा. चालवणाऱ्यानं लिहायचं नाही आणि फोनही हातात घ्यायचा नाही.

पहिली फेरी थंड गाडीची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर रिव्हर्सला न्या. एक-दीड सेकंदात हलका धक्का बसायला हवा. मग डी मध्ये तेच. तीन-चार सेकंद काहीच होत नसेल आणि मग धाडकन गिअर पडत असेल, तर आतले रबरी सील कडक झालेत किंवा ऑइल कमी आहे. थंडीत स्लिप आणि गरम झाल्यावर ठीक, असं असेल तर संशय सीलांवर, कारण गरम झाले की ते थोडे फुगतात आणि धरतात. उलट थंड असताना नीट आणि अर्ध्या तासानं स्लिप सुरू, असं असेल तर पंप झिजलाय किंवा व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलचा दाब क्लचांकडे वळवणाऱ्या भागात, दाब गळतोय. गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून सहज पळतं. कडाक्याच्या थंडीत पहिले काही मिनिटं चौथा गिअर पडत नसेल तर घाबरू नका, ऑइल तापेपर्यंत कॉम्प्युटरच तो अडवून धरतो.

दुसरी फेरी गरम गाडीची, आणि खरी माहिती इथेच मिळते. हलक्या पायानं शून्यापासून पंचेचाळीस-पन्नास मैलांपर्यंत न्या. शेजाऱ्यानं प्रत्येक शिफ्टला आरपीएम बघायचं. चांगल्या शिफ्टमध्ये काटा खाली पडतो. आधी वर उडी मारून मग खाली आला तर त्या शिफ्टमध्ये स्लिप आहे, असं लिहून ठेवा. मग तेच थोड्या जास्त पायानं करा. क्लच झिजायला लागला की तो आधी भाराखाली घसरतो.

आता लिव्हर २ वर ठेवून सपाट रस्त्यावर जागेवरून निघा. या ट्रकांत २ वर गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये निघते, ती सोय बर्फासाठी दिलेली आहे. निघाली तर दुसरा गिअर जिवंत आहे. त्यानंतर लिव्हर १ वर घेऊन पंधरा मैलांपर्यंत जा आणि ॲक्सिलरेटर सोडा. इंजिननं गाडी धरून ठेवली, म्हणजे इंजिन-ब्रेकिंग मिळालं, की नाही, ते नोंदवा. शेवटी रिव्हर्समध्ये हलक्या चढावर मागे घ्या.

ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची एक स्टॉल टेस्ट असते. ती करू नका. काही सेकंदांत ऑइल भयंकर तापतं, आणि दुखावलेल्या क्लचला त्यात शेवटचा धक्का बसतो.

वहीतल्या नोंदींवरून गुन्हेगार ओळखा

सगळेच गिअर, रिव्हर्ससकट, घसरत असतील तर एकेका क्लचला दोष देऊ नका. जे सगळ्यांना लागतं तेच कमी पडतंय, म्हणजे ऑइल, फिल्टर किंवा पंपाचा दाब. यातल्या पहिल्या दोन गोष्टी घरी होतात.

एक ते दोन व्यवस्थित, पण दोनावरून तीन पडताना इंजिनाचं आरपीएम वर उडतं, किंवा तिसरा सापडतच नाही आणि गाडी न्यूट्रलला गेल्यासारखी होते, रिव्हर्स मात्र ठणठणीत. हा ३-४ क्लच. ४एल६०-ईचं हे सर्वांत प्रसिद्ध दुखणं. हा क्लच तिसऱ्या आणि चौथ्या दोन्हींत लागतो, त्यामुळे चौथाही जातो. मागे ट्रेलर लावून ओव्हरड्राइव्हमध्येच, म्हणजे चौथ्या गिअरमध्येच, चालवलेल्या गाड्यांत हा आधी जळतो. ट्रान्समिशन उतरवल्याशिवाय त्याला हात लागत नाही, आणि कुठल्याही बाटलीतल्या औषधानं तो बरा होत नाही.

एकावरून दोन पडताना घसरतं, तिसरा ठीक, चौथा पुन्हा बिघडलेला, रिव्हर्स चांगला. हा २-४ बँड, नाहीतर त्या बँडला दाबणारा सर्व्हो. सर्व्हो उजव्या बाजूनं बाहेरूनच काढता येतो. त्याचे सील आधी बदलून बघा असं सुचवणारा मेकॅनिक भेटला तर त्याला धरून ठेवा.

दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले, तेही एका दिवसात, आणि पहिला-तिसरा मात्र चालू. ऑइल कदाचित अजून लालच असेल. ही सन शेल तुटल्याची खूण. वाटीच्या आकाराचा हा लोखंडी भाग याच तीन गिअरांत ताण झेलतो. इथे क्लच जळालेला नसतो, धातू तुटलेला असतो. रीबिल्ड करताना मजबूत केलेला सन शेल घाला, असं आवर्जून सांगा.

डी मध्ये जागेवरून ओढत नाही, पण लिव्हर १ वर आणला की निघते. इथे वनवे क्लचांपैकी एक धरत नाही, दोन्ही दिशांना फिरतोय, लो रोलर नाहीतर फॉरवर्ड स्प्रॅग. १ वर आणलं की दुसरे क्लच त्यांचं काम उचलतात, म्हणून गाडी हलते.

फक्त रिव्हर्स गेलाय, पुढचे सगळे चांगले. आता ती १ वरची इंजिन-ब्रेकिंगची नोंद काढा. ब्रेकिंगही मिळत नव्हतं तर लो-रिव्हर्स क्लच, कारण तो दोन्हीकडे लागतो. ब्रेकिंग मिळत होतं तर रिव्हर्स इनपुट क्लच. गाडी न उघडता एवढं नेमकं कळतं, आणि तुम्ही हे सांगितलंत की समोरचा मेकॅनिक जरा सावरून बसतो.

हायवेवरचं स्लिप

साठ मैलांवर गाडी सावकाश चाललीय, आणि आरपीएम मधूनच दोन-तीनशेनं वर-खाली डोलतं. खाली खडबडीत पट्टे आल्यासारखी थरथर जाणवते. इथे आपला हिशोब कामाला येतो. वेग मैलांत, गुणिले ॲक्सल रेशो, गुणिले गिअर रेशो, गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. ४एल६०-ईचे रेशो ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. टायर २४५/७५आर१६ असेल तर व्यास साधारण साडेतीस इंच. ३.७३ च्या ॲक्सलवर, साठ मैलांना, चौथ्या गिअरमध्ये कन्व्हर्टर लॉक असताना, म्हणजे त्याच्या आतल्या क्लचनं इंजिन थेट गिअरांना जोडलेलं असताना, आरपीएम सुमारे १७२५ यायला हवं. ३.४२ असेल तर सुमारे १५८०.

१७२५ ऐवजी स्थिर २४६५ च्या आसपास दिसलं तर स्लिप नाही, गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये आहे. चौथा का पडत नाही ते शोधा. १७२५ पेक्षा दोनेकशे जास्त, पण स्थिर, असेल तर कन्व्हर्टर लॉक होत नाहीये. काटा डोलत असेल तर लॉक होऊन घसरतोय.

पक्कं करायला एक फुकटची युक्ती आहे. सपाट हायवेवर ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा आणि डाव्या पायानं ब्रेकचं पेडल फक्त मागचा ब्रेकचा दिवा लागेल इतकंच दाबा. ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर कन्व्हर्टर अनलॉक करतो आणि आरपीएम थोडं वर जायला हवं. गेलंच नाही तर कन्व्हर्टर मुळात लॉक नव्हताच. मागे गाडी नाही हे आरशात बघूनच हे करा.

या थरथरीबरोबर पी१८७० कोड आला, आणि त्याच वेळी एकावरून दोनाचा शिफ्ट एकदम धाडकन पडायला लागला, तर चित्र पूर्ण झालं. कॉम्प्युटरला स्लिप दिसतो, तो घाबरून दाब कमाल करतो, म्हणून शिफ्ट आदळतो. मूळ कारण बहुतेकदा व्हॉल्व्ह बॉडीत असतं. ती ॲल्युमिनियमची. कन्व्हर्टरचा क्लच सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह तिच्यात सतत हलून स्वतःचं भोक, म्हणजे बोअर, झिजवतो आणि दाब गळतो. बोअर मोठं करून जास्त मापाचा व्हॉल्व्ह बसवता येतो, किंवा दुरुस्त केलेली व्हॉल्व्ह बॉडी मिळते. दोन्ही कामं गाडीखालून होतात. पी१८७० वाचून सरळ रीबिल्ड सांगणाऱ्या गॅरेजमधून मी तरी परत फिरेन. पण याच थरथरीत वर्षभर गाडी हाकलली असेल तर कन्व्हर्टरचा क्लच संपलेला असणार, आणि त्याचा चुरा सगळीकडे पसरलेला.

पॅन काढून बघणं

इथे पहिल्यांदा हात काळे होतील. गाडी पक्क्या जॅक स्टँडवर घ्या, चाकांना अडण लावा, आणि ऑइल कोमट होऊ द्या. उकळतं ऑइल कोपरापर्यंत येतं. पॅनला बहुधा ड्रेन प्लग नसतो, म्हणून एका बाजूचे बोल्ट ढिले ठेवून पॅन तिरका उतरवा. खाली मोठं भांडं ठेवा, साधारण पाच क्वार्ट येतं (क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर). सगळ्या ट्रान्समिशनमध्ये अकराएक क्वार्ट असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. ते तसंच राहू द्या.

तळाच्या मॅग्नेटवर उगाळलेल्या गंधासारखा करडा मऊ लेप असेल तर ती वयाची झीज, चिंता नको. काळे कण, अस्तराचे तुकडे, बोटात टोचणारे धातूचे चकाकते तुकडे दिसले तर चर्चा संपली, ट्रान्समिशन उघडावं लागणार. फोर्डच्या पॅनमध्ये प्लास्टिकचं एक बूच सापडलं तर हृदयावर हात ठेवू नका. ते कारखान्यात डिपस्टिकच्या नळीला लावलेलं बूच असतं, जोडणीच्या वेळी आत ढकललेलं.

फिल्टर बदला आणि त्याच्या मानेचा जुना सील वर अडकलेला नाही ना ते बघा. जुन्यावर नवा सील चढवला की फिल्टर नीट बसत नाही आणि पंप हवा ओढतो. पॅन खोल की उथळ यावरून फिल्टर वेगळा असतो, तेव्हा जुना सोबत घेऊन दुकानात जा. बोल्ट ११ न्यूटन-मीटरच घट्ट करा. जोर लावला की पॅनची कड वाकते आणि आयुष्यभर ठिबकते.

‘जुन्या ट्रान्समिशनचं ऑइल बदललं की ते मरतं’ असं तुम्हाला चार जण सांगतील. मला हे अर्धसत्य वाटतं. मरायला टेकलेल्या ट्रान्समिशनचंच ऑइल लोक बदलायला नेतात, आणि दोष ऑइलवर येतो. ऑइल नुसतं जुनं असेल तर पॅन काढून बदला. जळालेलं असेल तर नव्या ऑइलवर पैसे घालू नका. मशीन लावून दाबानं फ्लश करणं मात्र जुन्या ट्रान्समिशनला टाळाच. स्लिप थांबवणारी बाटली सील फुगवते. सील कडक झाले असतील तर काही महिने मिळतील, जळालेल्या क्लचला तिचा उपयोग नाही.

ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांनी ० ते ३०० पीएसआयचा गेज घ्यावा. ट्रान्समिशनच्या डाव्या बाजूला दाब मोजायचा प्लग असतो. आपल्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघा. ॲक्सिलरेटर दिल्यावर दाब चढायला हवा आणि रिव्हर्समध्ये डी पेक्षा जास्त दिसायला हवा. दाब भरपूर असूनही एकच गिअर घसरतोय, तर त्या गिअरचा क्लच किंवा त्याचा सील गेलाय.

शेव्ही नसेल तर

डॉजच्या जुन्या ट्रकमध्ये ऑइल पार्कमध्ये नाही, न्यूट्रलमध्ये मोजायचं, आणि एटीएफ+४ या ऑइलाशिवाय काही घालायचं नाही. नव्वदीतल्या फोर्ड एफ-१५० मध्ये ओव्हरड्राइव्ह-ऑफचा दिवा लुकलुकत असेल तर कॉम्प्युटरनं ट्रान्समिशनचा कोड साठवलाय. २००५ पासूनच्या व्ही-६ ऑटोमॅटिक टोयोटा टकोमाला डिपस्टिकच नाही. तिची पातळी ठरावीक तापमानाला खालच्या प्लगमधून बघतात, ते काम पहिल्यांदा तरी जाणकाराकडून करून घ्या. साठ-सत्तरच्या दशकातला ट्रक हौसेनं घेतला असेल आणि ट्रान्समिशनला व्हॅक्यूम मॉड्युलेटर असेल, तर त्याची व्हॅक्यूमची नळी काढून बघा. आत लाल ऑइल असेल तर पडदा फाटलाय आणि इंजिन तुमचं ट्रान्समिशन ऑइल पितंय. पांढरा धूर आणि कमी होणारी पातळी, दोन्हींचा उलगडा एका स्वस्त पार्टात होतो.

गॅरेजमध्ये

वही सोबत न्या. ‘गरम झाल्यावर दोन ते तीनच्या शिफ्टला उडतं, रिव्हर्स ठीक, ऑइलची पातळी बरोबर पण वास करपट’ एवढं एक वाक्य बोललात तरी पुरे. त्यांनी कोणता कोड वाचला, दाब मोजला का, पॅनमध्ये काय निघालं, हे विचारा. पॅन तुमच्यासमोर उघडायला सांगण्यात काही गैर नाही. अंदाजपत्रक लेखी घ्या. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ते आधी देणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

रीबिल्ड ठरलंच तर त्यात नवा किंवा दुरुस्त केलेला टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरची सफाई धरलेली आहे का, ते लेखी बघा. जुन्या कूलरमधला चुरा नव्या ट्रान्समिशनमध्ये गेला की महिन्याभरात पुन्हा तुम्ही तिथेच. भंगार यार्डातून जुनं ट्रान्समिशन आणून बसवणं स्वस्त पडतं. पण आधीच्या गाडीत ते कसं वागत होतं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून निदान तीन महिन्यांची हमी मागा, आणि ती हमी मजुरीवरही आहे का ते विचारा.

गॅरेज दूर असेल आणि गाडी घसरत असेल तर चालवत नेऊ नका, प्रत्येक मैलाला ऑइल आणखी जळतं. टो करताना फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. मागची चाकं रस्त्यावर फिरत ठेवून ओढलं तर इंजिन बंद, म्हणजे पंपही बंद, आणि ट्रान्समिशनचे भाग वंगणाशिवाय फिरत राहतात. फोर बाय फोर असेल तर चारही चाकं उचलायला सांगा.